गोळी राखून ठेवण्याची किंमत

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान झाले की घरात जो पहिला सल्ला कानावर पडतो तो बहुधा डॉक्टरांचा नसतो. नात्यातले कुणी, शेजारचे कुणी सांगते, ‘चालतंय तोवर चालवून घ्या. ती गोळी एकदा लागली की सुटत नाही. चार-पाच वर्षांत तिचा गुण जातो आणि मग अंग आपोआप हलायला लागतं. पुढच्यासाठी राहू दे.’ ती गोळी म्हणजे लेव्होडोपा, आपल्याकडे बहुतेकांना सिंडोपा या नावाने माहीत असलेली. हा सल्ला निव्वळ अडाणीपणाचा आहे असे म्हणता येणार नाही, कारण कित्येक वर्षे तज्ज्ञ डॉक्टरही जवळपास असाच विचार करत होते. लेव्होडोपा ही मोजकी शिल्लक आहे, ती लवकर खर्च केली तर अखेरीस हात रिकामे राहतील आणि वर अनैच्छिक हालचालींचा दंड भरावा लागेल, असे मानले जाई. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने ही समजूत टप्प्याटप्प्याने खोडून काढली आहे. या हालचाली गोळी लवकर सुरू केल्यामुळे लवकर येत नाहीत. रोग मेंदूत किती पुढे गेला आहे, एका दिवसात किती मात्रा पोटात जाते आणि ती कशा हेलकाव्यांनी मेंदूत पोहोचते, यांवर त्या ठरतात. म्हणून गोळी राखून ठेवणाऱ्याच्या हाती पुढे काही लागत नाही, आणि आज त्याचे बरेच काही जाते. हे म्हणणे पुराव्याला कितपत उतरते, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी या हालचाली दिसतात कशा, ते नीट पाहू, कारण त्यांची गल्लत नेहमी कंपाशी होते. कंपवाताचा कंप ठेक्यात असतो. हात मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आणि बोटे एका लयीत हलत राहतात, आणि हात कामाला लागला की कंप बहुधा कमी होतो. औषधाने येणाऱ्या हालचालींना वैद्यकात डिस्कायनेशिया म्हणतात, आणि त्यांना असा ठेका नसतो. मान एका बाजूला वळते, खांदा उचलला जातो, कंबरेपासून धड डुलते, पाऊल जमिनीवर वेडेवाकडे फिरते, आणि हे सारे एकातून दुसऱ्यात वाहत जाते. सकाळी आठला गोळी घेतली तर सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास, म्हणजे औषध रक्तात सर्वांत जास्त असताना, हे शिगेला पोहोचते. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. काहींना गोळी चढताना आणि उतरताना अशा दोन वेळा हालचाली येतात, आणि तेव्हा पाय जास्त झटकतात. काहींना पहाटे, रात्रीची गोळी पूर्ण उतरल्यावर, पायाची बोटे आत वळून पोटरीत गोळा येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की शिगेच्या वेळी येणाऱ्या सौम्य हालचाली पाहणाऱ्याला जितक्या खुपतात तितक्या त्या माणसाला स्वतःला अनेकदा खुपत नाहीत. अंग डुलत असले तरी त्याला चालता येते, बोलता येते, शर्टाची बटणे लावता येतात. अंग थिजून खुर्चीत अडकून पडण्यापेक्षा हे डुलणे पुष्कळ जण पसंत करतात. तीव्र प्रकारात मात्र घास तोंडापर्यंत नेणे कठीण होते, वजन घटते, तोल जातो. तो त्रास खरा आहे, आणि त्याला क्षुल्लक ठरवण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

लेव्होडोपाच्या जन्मकथेचा एक धागा मुंबईत आहे. रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि या भारतीय मुळीकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. रिसर्पिन टोचलेले ससे निपचित पडतात. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना लेव्होडोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन स्वतंत्र काम करते आणि त्याच्या अभावी शरीर थिजते, हे त्यातून पुढे आले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविझ आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासून त्यांत डोपामाइनचा मोठा तुटवडा दाखवला, आणि पुढच्याच वर्षी हॉर्निकीविझ व वॉल्टर बर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा देऊन पाहिले. गुण दिसला, पण थोडा वेळच टिकला. रोजच्या वापराचे औषध घडवले ते न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या जॉर्ज कोटझियास यांनी. अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती आठवड्यांगणिक वाढवत दिवसाला काही ग्रॅमपर्यंत न्यायची, ही त्यांची पद्धत होती. १९६७ आणि १९६९ सालच्या त्यांच्या निबंधांनी जगभर आशा पसरली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. त्याच निबंधांत या नव्या, अनैच्छिक हालचालींचीही नोंद आहे.

औषधाबद्दलची भीती येथूनच सुरू झाली, आणि ती चुकीच्या वाटेला का लागली हेही येथेच दिसते. १९६० च्या दशकात ज्यांना लेव्होडोपा मिळाले ते आजच्यासारखे नुकते निदान झालेले रुग्ण नव्हते. औषधच नसल्यामुळे त्यांचा रोग अनेक वर्षे अडथळ्याविना वाढत गेला होता. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ अब्राहम रुग्णालयात ज्यांना औषध दिले, ते तर १९२० च्या सुमाराच्या मेंदूज्वराच्या साथीतून वाचून दशकानुदशके थिजलेले होते. अशा माणसांना औषध मिळताच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हालचाली सुरू झाल्या. शिवाय कार्बिडोपासारखे जोडऔषध तेव्हा वापरात नव्हते, त्यामुळे लेव्होडोपाचा मोठा भाग मेंदूबाहेरच खर्ची पडे आणि मात्रा ग्रॅममध्ये द्यावी लागे. आज गोळीवरच्या ‘११०’ या आकड्यात १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असते, आणि सुरुवातीला दिवसभरात अशा तीन-चार गोळ्याही अनेकांना पुरतात. रोग फार पुढे गेलेला आणि मात्रा अवाढव्य, या दोन गोष्टी त्या पिढीत एकत्र आल्या होत्या. पाहणाऱ्यांना मात्र तिसरीच गोष्ट ठळक दिसली, ती म्हणजे औषध. पुढे जेव्हा आकडेवारी जमली आणि चार ते सहा वर्षांच्या उपचारानंतर साधारण चाळीस टक्के रुग्णांत या हालचाली आढळल्या, तेव्हा ती वर्षे औषधाच्या खात्यावर मांडली गेली. त्याच वर्षांत रोगही पुढे सरकत होता, हे विसरले गेले.

औषध तेच, मग सुरुवातीला दिवसभर पुरणारी गोळी पुढे घड्याळाच्या काट्यावर का नाचवते? शहरातल्या घराचे पाणी डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेचे पाणी सकाळी तासभर येते, पण गच्चीवर टाकी असली की नळ दिवसभर सारखा चालतो. टाकी फुटली तर पाणी येईल तेव्हा नळ धो धो वाहणार आणि एरवी कोरडा राहणार. लेव्होडोपा रक्तात जेमतेम दीड तासात निम्मे होते. ते मेंदूत जाते, तिथल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी ते उचलतात, त्याचे डोपामाइन करतात, साठवतात आणि गरजेनुसार बेताबेताने सोडतात. रोगाच्या सुरुवातीला अशा पेशी बऱ्याच कमी झालेल्या असल्या तरी उरलेल्या पेशी ही साठवण निभावून नेतात. रोग वाढतो तशी साठवण संपते आणि मेंदूतले डोपामाइन रक्तातल्या चढउताराबरोबर वरखाली होऊ लागते. मेंदूच्या पेट स्कॅनवर हे दिसलेही आहे. ज्यांना अशा हालचाली येतात त्यांच्या मेंदूत गोळीनंतरच्या तासाभरात डोपामाइनची उसळी इतर रुग्णांपेक्षा मोठी असते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातील उंदरांवरच्या कामातून आणखी एक दुवा मिळाला. डोपामाइनच्या पेशी नाहीशा झाल्यावर लेव्होडोपाचे रूपांतर सेरोटोनिन बनवणाऱ्या शेजारच्या पेशी करू लागतात. पण हे काम त्यांचे नव्हे. डोपामाइन सोडण्याला लगाम घालणारी यंत्रणा त्यांच्यापाशी नसते. त्या पेशी काढून टाकल्यावर उंदरांतल्या हालचाली जवळपास नाहीशा झाल्या.

म्हणजे या हालचालींना दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : साठवण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास आणि औषधाचे हेलकावे. यातली पहिली किती निर्णायक आहे हे दोन अगदी उलट प्रसंगांतून कळते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक थिजलेल्या अवस्थेत रुग्णालयांत आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचे विष होते, आणि त्याने डोपामाइनच्या पेशी काही दिवसांत जाळून टाकल्या होत्या. विल्यम लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्यांना लेव्होडोपा दिले. ती माणसे हलू लागली, पण एरवी वर्षे घेणाऱ्या अनैच्छिक हालचालीही त्यांच्यात थोड्याच अवधीत उमटल्या. दुसरे टोक म्हणजे डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया हा विरळ आनुवंशिक आजार. त्यात पेशी जिवंत आणि शाबूत असतात, फक्त डोपामाइन बनवण्याच्या साखळीतली एक कडी कच्ची असते. ही मुले लहानपणापासून दशकानुदशके लेव्होडोपा घेतात. तरीही त्यांच्यात कंपवातासारख्या त्रासदायक हालचाली सहसा येत नाहीत, आणि आल्या तर मात्रा थोडी उतरवली की बहुधा शमतात. एका टोकाला नवे औषध आणि उद्ध्वस्त पेशी, दुसऱ्या टोकाला अनेक वर्षांचे औषध आणि धडधाकट पेशी. हालचाली पेशींच्या नाशामागे गेल्या, औषधाच्या वर्षांमागे गेल्या नाहीत.

विरळ आजारावरून आणि विषबाधेवरून सामान्य रुग्णाबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे होईल, अशी शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. तिला उत्तर मिळते ते आफ्रिकेतल्या घानामधून. औषध महाग आणि दुर्मीळ, तज्ज्ञ डॉक्टर मोजके, त्यामुळे तिथले रुग्ण गोळी राखून ठेवत नव्हते, त्यांना ती मिळतच नव्हती. इटलीतल्या संशोधकांनी घानातील सहकाऱ्यांबरोबर तिथल्या ९१ रुग्णांची तुलना इटलीतल्या २,२८२ रुग्णांशी केली, आणि २०१४ मध्ये ती ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. इटलीत रोग सुरू झाल्यापासून सरासरी २.४ वर्षांनी लेव्होडोपा दिले गेले होते, घानात ४.२ वर्षांनी. औषध रोखून धरल्याने हालचाली लांबत असत्या तर घानातल्या लोकांना त्या तेवढ्याच उशिरा यायला हव्या होत्या. तसे झाले नाही. रोग सुरू झाल्यापासून मोजले तर दोन्ही देशांत त्या जवळपास सारख्याच काळाने आल्या. घानातल्या माणसांच्या वाट्याला फक्त औषधाविना गेलेली जास्तीची वर्षे आली. हालचालींशी नाते दिसले ते दोन गोष्टींचे : रोगाला झालेली वर्षे, आणि शरीराच्या दर किलो वजनामागे रोज किती मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जाते, त्याचे. यावरही आक्षेप येतो की दोन देशांतली माणसे, त्यांचे वंश, आहार आणि वजन वेगळे, मग अशी तुलना कितपत खरी? हा अभ्यास एकटा असता तर हा आक्षेप पुरेसा ठरला असता.

तो एकटा नाही. अशा वादाचा निकाल लावायला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी लागते, आणि तशी चाचणी नेदरलँड्समध्ये झाली. नुकते निदान झालेल्या ४४५ जणांपैकी निम्म्यांना ८० आठवडे लेव्होडोपा दिले. उरलेल्यांना पहिले ४० आठवडे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी आणि पुढचे ४० आठवडे लेव्होडोपा दिले. २०१९ मध्ये निकाल आला. ८० आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांची प्रकृती सारखी होती, आणि अनैच्छिक हालचालींच्या प्रमाणातही म्हणण्याजोगा फरक नव्हता. लवकर घेतल्याने रोग थांबला नाही, हेही या चाचणीने सांगितले, आणि ते मान्यच करायला हवे. लेव्होडोपा लक्षणे हटवते, रोगाचे मूळ उपटत नाही. पण उशिरा घेणाऱ्यांना त्या ४० आठवड्यांच्या मोबदल्यात काहीही मिळाले नाही, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. त्याआधी २००४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आणखी एक भीती तपासली गेली होती. लेव्होडोपा हे उरलेल्या पेशींना विषारी आहे, असे प्रयोगशाळेतल्या काचपात्रातल्या पेशींवरून म्हटले जात होते. तसे असते तर औषध घेऊन मग दोन आठवडे बंद ठेवलेल्यांची स्थिती, निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपेक्षा वाईट निघायला हवी होती. ती उलट बरी निघाली. मात्र मात्रेचा परिणाम येथे स्वच्छ दिसला. दिवसाला ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १६.५ टक्क्यांना ४० आठवड्यांतच हालचाली आल्या, कमी मात्रेच्या गटांत त्या बऱ्याच कमी होत्या. प्रश्न ‘कधी’चा कमी आणि ‘किती’चा अधिक, हे तेव्हापासूनच दिसत होते.

या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप रोपिनिरोलसारख्या औषधांचा आहे. ही औषधे स्वतः डोपामाइनची नक्कल करतात आणि शरीरात जास्त वेळ टिकतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, २६८ रुग्णांच्या पाच वर्षांच्या चाचणीत रोपिनिरोलने सुरुवात केलेल्यांपैकी २० टक्क्यांना हालचाली आल्या, लेव्होडोपाने सुरुवात केलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना. हा फरक खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण तो पुरता वाचायला हवा. त्याच चाचणीत हालचाल करण्याची क्षमता लेव्होडोपाच्या गटात अधिक सुधारली होती. पुढे ज्यांना रोपिनिरोलला जोडून लेव्होडोपा द्यावे लागले, त्यांच्यात तेव्हापासून हालचाली त्याच वेगाने येऊ लागल्या. ब्रिटनमध्ये ब्रोमोक्रिप्टिन या जुन्या भाईबंद औषधाने सुरुवात केलेल्यांचा १४ वर्षे पाठपुरावा झाला. सुरुवातीला कमी दिसलेल्या हालचालींचा फायदा तोवर विरून गेला होता. आणि या औषधांची स्वतःची किंमत आहे. झोपेच्या अनावर लहरी येतात, भास होतात, पायांना सूज येते. काहींना तर जुगार, अतोनात खरेदी किंवा अनावर कामवासना यांचा असा ओढा लागतो की संसार मोडायची वेळ येते. ३,०९० रुग्णांच्या एका पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये असे काही ना काही आढळले, न घेणाऱ्यांमध्ये सुमारे ७ टक्क्यांत. ब्रिटनमधल्या १,६२० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दुष्परिणामांमुळे या गटाची औषधे सोडावी लागलेले २८ टक्के होते, लेव्होडोपा सोडलेले २ टक्के. ज्यांचा आजार तरुण वयात सुरू झाला आहे त्यांच्यासाठी या औषधांना जागा आहे, कारण त्यांच्यात हालचाली लवकर आणि जोराने येतात. पण प्रत्येकाने आधी हेच घ्यावे आणि लेव्होडोपा टाळावे, असा नियम या पुराव्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे. औषध न घेणाऱ्याला या हालचाली येत नाहीत, मग शेवटी कारण औषधच नाही का? निरोगी माकडांना लेव्होडोपाच्या फार मोठ्या मात्रा दिल्यावर त्यांच्यातही अशा हालचाली दिसल्या आहेत, तेव्हा औषध निर्दोष आहे असा दावा कुणी करू नये. पण येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. हालचालींना औषध लागते का, तर लागते. औषध लांबवून त्या टळतात का, तर नाही. पेशींचा ऱ्हास गोळीची वाट पाहत थांबत नाही. गोळी डब्यात राहिली तरी साठवण रोज थोडी थोडी संपतच असते. आणि गोळी जेव्हा अखेर सुरू होते तेव्हा ती अधिक उद्ध्वस्त मेंदूवर, बहुधा अधिक मात्रेत सुरू होते. कोटझियास यांच्या रुग्णांना जे झाले ते यामुळेच झाले. शिवाय ‘डोपामाइन जास्त म्हणून हालचाल जास्त’ हा साधा हिशेबही पुरा पडत नाही. हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांच्या जुन्या आराखड्यानुसार, मेंदूत खोलवर असलेल्या ग्लोबस पॅलिडस या भागाचा लगाम सैल पडला की अनैच्छिक हालचाली उसळतात. मग त्या भागात शस्त्रक्रियेने छोटी जखम केली तर लगाम आणखी सुटून हालचाली वाढायला हव्यात. प्रत्यक्षात त्या जवळपास बंद होतात. म्हणजे दोष केवळ सिग्नल कमी-जास्त असण्यात नाही, त्याच्या बिघडलेल्या लयीतही आहे. रोममधल्या संशोधकांना २००३ मध्ये उंदरांत असे आढळले की हालचाली येणाऱ्या मेंदूत चेतापेशींचे जोड एकदा बळकट झाले की ते पुन्हा मूळपदावर येत नाहीत. नको ते शिकलेले पुसण्याची क्षमताच हरवते. हेलकावे शांत करणे का महत्त्वाचे आहे, ते यावरून लक्षात यावे.

म्हणून आपल्या हातात जे आहे ते मात्रा आणि लय. सुरुवातीचा वेळ हातात धरून काही साधत नाही. मात्रेबाबत वजनाचा मुद्दा आपल्याकडे फार गांभीर्याने घ्यायला हवा. ७४७ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत कमी वय, कमी वजन, स्त्री असणे आणि जास्त मात्रा ही हालचालींचा धोका वाढवणारी कारणे दिसली. पंचेचाळीस किलोच्या बाईला आणि ऐंशी किलोच्या पुरुषाला एकच चिठ्ठी लागू पडणार नाही. याच चाचणीने संशोधकांनाही धडा दिला. लेव्होडोपाचा परिणाम लांबवणारे एन्टाकॅपोन सुरुवातीपासून जोडले तर हेलकावे कमी होऊन हालचाली लांबतील, असा अंदाज होता. त्या लवकर आल्या आणि जास्त जणांना आल्या. परिणाम लांबवताना एकूण मात्राही वाढत होती आणि दिवसातून चार गोळ्यांनी लय खऱ्या अर्थाने सपाट होत नव्हती. खरोखर सपाट लय हवी तर औषध थेंबाथेंबाने जावे लागते. पोटातून नळी घालून लहान आतड्यात पंपाने लेव्होडोपाची जेल सोडण्याचा उपचार त्यासाठीच आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७१ रुग्णांच्या चाचणीत, त्रासदायक हालचालींविना मोकळेपणाने वावरण्याचा वेळ त्याने दिवसाला सुमारे चार तासांनी वाढला, गोळ्यांच्या गटात सव्वादोन तासांनी. ग्रेनोबलमध्ये अलीम-लुई बेनाबिद यांच्या चमूने १९९० च्या दशकात रुळवलेली मेंदूतील खोल उत्तेजनाची शस्त्रक्रिया योग्य रुग्णांत औषधाची गरजच उतरवते आणि हालचाली त्याबरोबर उतरतात. साध्या गोळ्यांत अमांटाडिन आहे. ते मुळात फ्लूवरचे औषध. कंपवाताच्या एका रुग्ण बाईंना ते घेताना बरे वाटले आणि १९६९ मध्ये रॉबर्ट श्वॉब यांनी त्याचा उपयोग वैद्यकापुढे मांडला. अनैच्छिक हालचाली ते बऱ्याच कमी करते, हे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणजे हालचाली आल्या की सारे संपले, असे नाही. मात्रा लहान करून वारंवार देणे, गोळी आणि डाळ-दूध-मटणासारखे प्रथिनांचे जेवण यांत अंतर ठेवणे, अमांटाडिन, पंप, शस्त्रक्रिया, अशी पायऱ्यांची वाट समोर आहे.

आपल्याकडे एक पर्याय हमखास सुचवला जातो, तो खाजकुइलीच्या बियांचा. ‘नैसर्गिक आहे, त्याने अंग हलत नाही.’ या बियांत लेव्होडोपाच असते, हे १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळे काढून दाखवले होते. पुढे १९७८ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कंपवाताच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांना एका वेळी ३० ग्रॅम चूर्ण दिले तेव्हा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला, जास्त वेळ टिकला, आणि हालचाली वाढल्या नाहीत. हे निकाल आशादायक आहेत आणि त्यांचा पुढे कसून अभ्यास व्हायला हवा. पण रेणू तोच आहे, आठ माणसे फार थोडी आहेत, आणि बाजारातल्या चूर्णात लेव्होडोपा किती याचा भरवसा देता येत नाही. गोळीची भीती वाटते म्हणून चूर्ण घेणारा माणूस तेच औषध मोजमापाशिवाय घेत असतो, आणि सोबत गोळीही चालू असेल तर मात्रा किती झाली हे त्याच्या डॉक्टरलाही कळत नाही.

गोळी कधी सुरू करायची, याचे उत्तर मग कॅलेंडरात शोधायचे नाही. रोजच्या कामांत शोधायचे. सही बारीक होऊन बँक ती नाकारते, गिरगावातला जिना उतरताना पाऊल अडते, अंघोळीला अर्धा तास जास्त लागतो, वर्गात शिकवणाऱ्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा औषधाची वेळ आलेली असते. ज्याला असे काहीच अडत नाही त्याने थांबायला हरकत नाही, कारण लेव्होडोपा रोग रोखत नाही आणि न अडणाऱ्या माणसाला त्याची घाई नाही. सुरू केल्यावर मात्र काम भागेल इतकी, म्हणजे गरजेपुरती मात्रा ठेवायची. औषध आपणहून एकाएकी बंद करायचे नाही, कारण त्याने ताप, आखडलेले अंग आणि बेशुद्धी अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णांना शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हणतात. शुभंकरांनी आठवडाभर गोळीची वेळ, अंग हलल्याची वेळ आणि थिजल्याची वेळ वहीत टिपून डॉक्टरांपुढे ठेवली, तर शिगेचा, चढउताराचा आणि पहाटेचा प्रकार वेगळा ओळखता येतो आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. हे सारे करूनही पुष्कळांना काही वर्षांनी हालचाली येतीलच. सिडनीतल्या दीर्घ अभ्यासात १५ वर्षांनी हयात असलेल्या जवळपास साऱ्यांना त्या आल्या होत्या, पण बहुतेकांना त्यांनी लाचार केले नव्हते. त्यांना पडणे, गिळण्याचा त्रास आणि विस्मरण अधिक छळत होते, आणि लेव्होडोपा त्यांवर फारसे चालत नाही. या आजारात लेव्होडोपा सर्वांत चांगले चालते ती वर्षे सुरुवातीचीच असतात. माणूस नोकरीत असतो, मुले शिकत असतात, पाय घराबाहेर नेऊ शकतात. त्या वर्षांत गोळी नाकारणे म्हणजे जे औषध आज देऊ शकते ते उद्यासाठी ठेवणे, आणि उद्या ते तितके देऊ शकत नाही. घानातल्या रुग्णांना ही निवड करण्याची संधीच नव्हती. आपल्याकडे गोळी औषधाच्या दुकानात मिळते, तेव्हा केवळ ऐकीव भीतीपोटी तीच वर्षे गमावण्याचे काही कारण उरलेले नाही.